घाटाच्या पायथ्याशी गाडीचं जेवण

मुंबईहून पुण्याला द्रुतगती मार्गाने जाताना खालापूर आलं, हे कुणाला सांगावं लागत नाही. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि मागच्या सीटवरून घोष सुरू होतो, "वडापाव! वडापाव!" घाट चढण्याआधीचा इथला फूड मॉल तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. पण मुलांनो, पुढच्या वेळी तिथे उतरलात, की वड्यांच्या वासाकडे घटकाभर पाठ करा आणि वाहनतळाच्या कडेला पाहा. कपाटाएवढी यंत्रं, त्यांना लोंबणाऱ्या जाडजूड केबल आणि शेजारी मुकाट उभ्या असलेल्या मोटारी. या मोटारींचं तिथे जेवण चाललेलं असतं!

विजेवर चालणाऱ्या मोटारीची भूक युनिटमध्ये मोजतात. घरच्या वीजबिलावर असतं, तेच हे युनिट. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला, की एक युनिट वीज खर्च होते. मध्यम आकाराच्या मोटारीच्या बॅटरीत अशी चाळीसेक युनिट मावतात. जेवण्याचा वेग मात्र किलोवॅटमध्ये सांगतात. ३० किलोवॅट म्हणजे तासाला ३० युनिट. सोपं आहे ना?

आता गणित करा. घरच्या मोठ्या सॉकेटमधून साधारण ३ किलोवॅट मिळतात. ४० भागिले ३. म्हणजे तेरा तासांहून जास्त! रात्रभर दारात उभ्या असलेल्या गाडीला ते चालतं. पण घाटाच्या पायथ्याशी तेरा तास कोण थांबणार? म्हणून ही कपाटं. तारांमधून येणारी वीज एसी असते आणि बॅटरीत साठते ती डीसी. घरी चार्जिंग करताना हा बदल गाडीतलीच एक छोटी पेटी करते आणि तिची ताकद बेताची असते. जलद चार्जरमध्ये तो बदल कपाटातच होतो आणि डीसी वीज थेट बॅटरीत जाते. कपाट एवढं मोठं का, ते आता कळलं?

गेल्या मे महिन्यात माझा दादा, वहिनी, त्यांची आठवीतली मनवा आणि मी असे साताऱ्याला निघालो होतो. वाटेतलं एक चार्जिंग केंद्र बंद निघालं. त्यामुळे खालापूरला पोचलो तेव्हा बॅटरीत जेमतेम ९ टक्के वीज उरली होती. म्हणजे साडेतीन युनिट. एका चार्जरपुढे एक गाडी लागलेली, दुसऱ्यापुढेही एक. आमच्या मागे आणखी एक गाडी येऊन थांबली. तिच्यात तान्हं बाळ होतं आणि ऊन तर असं, की विचारू नका!

"तशीच घेऊया का लोणावळ्यापर्यंत?" वहिनीने विचारलं.

मनवाने कागद काढला. खालापूरपासून लोणावळा साडेपाचशे मीटर उंच. माणसं धरून गाडीचं वजन सुमारे १७०० किलो. तेवढं ओझं तेवढं उंच उचलायचं म्हटलं, तरी अडीच युनिट लागतात. शिवाय वीसेक किलोमीटरचं अंतर कापायला तीन युनिट. झाली साडेपाच. आणि जवळ होती साडेतीन! म्हणजे गाडी ऐन घाटात बसली असती.

समोरच्या गाडीच्या चार्जरवर आकडे दिसत होते. बॅटरी ८६ टक्के, वेग ११ किलोवॅट. मालक म्हणाले, "शंभर झाले की काढतोच." मनवाने विचारलं, "काका, तुम्हाला कुठे जायचंय?" ते म्हणाले, "पुण्याला." मनवाने कागद पुढे केला. ८६ टक्के म्हणजे ३४ युनिट. एका युनिटात गाडी सहा किलोमीटर धरली, तरी दोनशे किलोमीटर जाते. घाटाची अडीच युनिट वजा करा. तरी पुणे कितीतरी अलीकडे! उरलेल्या १४ टक्क्यांना मात्र अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाणार होता. काकांनी कागद पाहिला, मग मागच्या गाडीतल्या बाळाकडे पाहिलं. "अगं, मला वाटायचं, टाकी फुल्ल केल्याशिवाय निघायचं नसतं," असं म्हणत त्यांनी केबल काढली.

पण दोस्तांनो, शेवटी वेग असा का मंदावतो? एस.टी. स्टँडवर रिकामी गाडी लागते, तेव्हा काय होतं ते आठवा. पहिली वीस-पंचवीस माणसं भराभर बसतात. मग एकेक जागा शोधत आत सरकावं लागतं. बॅटरीतही तसंच. तिच्यात ग्राफाइटचे, म्हणजे पेन्सिलीच्या शिश्यात असतं त्याच पदार्थाचे, पातळ थर असतात. चार्जिंग होताना लिथियमचे कण त्या थरांमध्ये जाऊन बसतात. सुरुवातीला जागा पुष्कळ असते, म्हणून वीज जोरात घेता येते. जागा भरत आल्यावरही तशीच ढकलाढकली केली, तर लिथियम आत न जाता बाहेरच धातू होऊन साचतं आणि बॅटरी कायमची दुबळी होते. म्हणून ८० टक्क्यांच्या आसपास गाडीतला छोटा संगणक चार्जरला सांगतो, "आता हळूहळू वाढ."

हो, हुकूम गाडीचा असतो बरं का! आमची पाळी आली तेव्हा मनवा ओरडली, "आत्या, पाटीवर ६० किलोवॅट लिहिलंय आणि इथे २९च दिसतायत!" पाटीवरचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती वाढू शकेल तो. दादाची गाडी ३०च्या वर घेतच नाही. बॅटरी फार तापली किंवा फार गारठली, तर त्याहूनही कमी घेते. यजमानाचं ताट कितीही मोठं असलं, तरी पाहुणा आपल्या पोटाप्रमाणेच जेवणार! तासाभरात आमचे ९ चे ८० टक्के झाले. आणखी २० टक्क्यांसाठी पाऊण तास गेला असता. दादाने केबल काढली आणि बाळाच्या बाबांना हात केला.

आम्ही घाट चढू लागलो. खाली खोपोली मागे पडली. या गावाचा आणि आपल्या विषयाचा जुना संबंध आहे. टाटांनी इथे १९१५ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू केलं. वर लोणावळ्याजवळच्या तलावांत पावसाचं पाणी साठवायचं, ते मोठमोठ्या नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली सोडायचं, त्याच्या जोरावर जनित्रं फिरवायची आणि ती वीज मुंबईला द्यायची! आज या केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट, म्हणजे ७२,००० किलोवॅट आहे. ३० किलोवॅटने जेवणाऱ्या २,४०० गाड्या ते एका वेळी पोसू शकेल.

पण गाड्यांची भूक वाढते आहे. २०२५ च्या मार्चमध्ये चीनच्या बीवायडी कंपनीने १,००० किलोवॅटपर्यंत वीज घेणारी गाडी दाखवली. पाच मिनिटांत चारशे किलोमीटरपुरती वीज भरते, असं कंपनी सांगते. ऐकायला किती छान! आता भागाकार करा. ७२,००० भागिले १,०००. पूर्ण भराला असताना अशा फक्त ७२ गाड्या अख्खं खोपोली केंद्र गिळून टाकतील! म्हणजे चार्जिंगचा वेग नुसत्या गाडीत नसतो. मागे तेवढी वीज, तेवढ्या तारा आणि तेवढे ट्रान्स्फॉर्मर लागतात. तोवर आहे त्या चार्जरवर सगळ्यांचं लवकर भागवायचं, तर ८० टक्क्यांवर उठणं हाच सोपा उपाय. लांबच्या गावी जायचं असून पुढे चार्जर नसेल, तर अर्थात गोष्ट वेगळी.

आणि घाट उतरताना? तेव्हा गाडी कमावते! उतारावर चाकंच मोटर फिरवतात, मोटरचं जनित्र होतं आणि चढताना खर्चलेल्या विजेतली काही बॅटरीत परत येते. ही युक्ती या घाटाला नवी नाही. १९२९ च्या सुमारास कल्याण-पुणे रेल्वेमार्गावर वीज आली, तेव्हा इथे हिरवट रंगाची लांब नाकाची इंजिनं धावू लागली. रेल्वेचे लोक त्यांना 'खेकडा' म्हणत. हा खेकडा घाट उतरताना वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडायचा आणि ती चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडायची. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात असा एक खेकडा आजही पाहायला मिळतो.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी चार्जरपाशी थांबलात, तर वही काढा. बॅटरी २०, ४०, ६०, ८० आणि ९० टक्के असताना चार्जरवर किती किलोवॅट दिसतात ते लिहा आणि घरी आलेख काढा. रेघ आपल्या घाटासारखी कुठे उतरू लागते, ते तुम्हालाच दिसेल. आणि तुमच्या मागे रांगेत कोण आहे, हेही एकदा वळून पाहा.