तेल, इंजिन आणि पाटल्या

मुलीचे स्थळ आणि मोटारीचे तेल या दोन बाबतींत सल्ला द्यायला कसलीही पात्रता लागत नाही, हे मला १९८८ साली कळले. स्थळांचा अनुभव त्याआधी घेऊन झाला होता. तेलाचा राहिला होता.

त्या वर्षी मी एक जुनी अँबॅसडर घेतली. गाडी जन्माने पेट्रोलची. पण पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांत तेव्हा एवढे अंतर होते, की पेट्रोलची गाडी दारात उभी करणे परवडे, चालवणे परवडत नसे. मग अनेकजण करीत तेच मी केले. मूळ इंजिन काढले आणि मोडीत निघालेल्या एका मॅटॅडोरचे डिझेल इंजिन आत बसवले. खर्च हिच्या पाटल्यांनी सोसला. "गहाणच ठेवायच्यात, विकायच्या नाहीत," असे मी म्हणालो. ही काही म्हणाली नाही. बायको काही म्हणत नाही, तेव्हा ते तिच्या जन्मभर लक्षात राहणार असते.

पहिल्या दिवशी गाडी सुरू केली, तेव्हा शेजारच्या काकू दळणाचा डबा घेऊन बाहेर आल्या. गिरणी इतकी जवळ आली कधी, असे त्यांना वाटले.

पुढे तेल बदलायची वेळ आली आणि सल्लागार जमले. मेहुणा म्हणाला, "भावोजी, डिझेल इंजिन म्हणजे पैलवान. जाडच तेल घाला." आमचे हेडक्लार्क म्हणाले, "छे! पातळ घाला, गाडी हलकी पळेल." वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "डब्याचे पैसे कशाला? सुटं मिळतं की!" या तिघांच्या मिळून एकंदर मोटारी शून्य होत्या.

मी पडलो शिकलेला माणूस. मी गाडीचे मूळ पुस्तक काढले, त्यात सांगितलेले तेल शोधले, आणि त्यातही सर्वांत महाग डबा आणला. डबा महाग म्हणून तेल दुप्पट दिवस चालवले. शिकलेल्या माणसाचा हिशेब असाच असतो.

सव्वा वर्षाने सासूबाईंना साताऱ्याला पोचवायला निघालो. खंबाटकीच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. मी इंजिन बंद केले. सासूबाई म्हणाल्या, "देवळातला दिवा लागला की हात जोडावेत. हा लागला की काय करतात?" मी म्हणालो, "तेच." त्यांना येस.टी.त बसवून दिले आणि एका ट्रकच्या मागे दोराने बांधलेला असा मी पुण्याला परतलो. वाटेत डोळ्यांपुढे सारख्या पाटल्या दिसत होत्या.

मिस्त्रींनी टॅपेट कव्हर उघडले. आत वांग्याचे भरीत होते. खाली चेंबरमधली तेल ओढून घेणारी जाळीही त्याच भरताने बुजली होती.

"काय टाकलं व्हतं, सायेब?"

मी अभिमानाने डबा दाखवला. पुस्तकही दाखवले. त्यांनी दोन्ही पाहिले आणि म्हणाले, "तेल झकास हाये. पण हे दुसऱ्याच्या नवऱ्याचं औषध झालं. हे पुस्तक ज्या इंजिनाचं, ते तर भंगारात गेलं. नाव अँबॅसडर आसंल, पण तेल नावाला न्हाई, आतल्या इंजिनाला इचारून टाकायचं."

मग त्यांनी डब्यावरची अक्षरे वाचायला शिकवली. एसने सुरू होणारी जोडी पेट्रोलसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. डिझेल जळताना काजळी फार होते. ती बारीक कणांतच धरून ठेवायची, साठू द्यायची नाही, आणि डिझेलमधल्या गंधकाचे आम्लही मारायचे, एवढी कामे त्या तेलाला असतात. म्हणून डिझेलच्या गाडीत तेल लवकर काळे होते. काळे झाले म्हणजे ते काम करते आहे. घरात दिवसभर राबणाऱ्या माणसाचे कपडे मळतात, तसेच.

२०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू म्हणजे वजन, अशी माझी समजूत होती. तो निघाला विंटर, म्हणजे हिवाळा. आधीचा वीस थंडीतला आणि नंतरचा चाळीस शंभर अंश तापलेल्या तेलाचा. हा वीस उणे पंधरा अंशांना तपासतात म्हणे. पुण्यात एवढी थंडी पडली, तर मी अंथरुणातूनच उठणार नाही, गाडी कसली सुरू करतो!

नशिबाने बेअरिंगे वाचली होती. मिस्त्रींनी सगळे धुऊन काढले, डिझेलचे सी-डी प्रतीचे तेल भरले आणि बजावले, "मधलं घ्या, पण येळेवर बदला. फिल्टरबी दर खेपेला." इंजिन पुढे पुष्कळ वर्षे चालले. पाटल्या १९९१ साली घरी आल्या.

परवा भाचा आला. त्याची टर्बोवाली डिझेल गाडी. तिच्या कॉम्प्युटरमध्ये खटपट करून त्याने ताकद वाढवून घेतली आहे.

"मामा, तेल कुठलं घालू? मित्र म्हणतात, शर्यतीचं घाल."

"मित्रांच्या किती गाड्या आहेत?" मी विचारले. मग सांगितले, "तुझं इंजिन मूळचंच आहे, तेव्हा तुझं पुस्तक खरं. त्यातलाच नंबर आणि तीच प्रत घे. माझ्या वेळचं सी-डी आता इतिहासजमा झालं. धुराड्यात काजळीची गाळणी असेल, तर कमी राखेचंच तेल हवं; राखेनं ती बुजते. पण बदलायची मुदत पुस्तकातली धरू नकोस. ताकद वाढवलीस म्हणजे उष्णता वाढली, काजळीही वाढते. लवकर बदल. आणि घाट चढून आलास की मिनिटभर इंजिन चालू ठेव. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, तो या तेलाच्याच पापुद्र्यावर."

भाचा थक्क झाला. "मामा, हे सगळं शिकलात कुठे?"

आत स्वयंपाकघरात पाटल्या वाजल्या. ही काही म्हणाली नाही.