सुई पुण्याची, गाव नवरोंगोचं

घानाला जायचं तर पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो. लस टोचल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो आणि 2016 पासून जन्मभर चालतो. तिकडून दाखल्याशिवाय परत आलं, तर आपलं सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतं. मला तारीख मिळाली ती पुण्याच्या बी. जे. मेडिकलची. म्हणजे कुंभारीहून अक्कलकोट रोडने सोलापूर स्टेशन आणि तिथून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस.

रिक्षा गोदूताई परुळेकर घरकुलातून निघाली तेव्हा अजून उजाडायचं होतं. 2006 साली विडी कामगार बायकांना मिळालेली ही दहा हजार घरं. पलीकडे रे नगरची नवी वसाहत उठली आहे, तिथल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या 2024 च्या जानेवारीत वाटल्या. एवढ्या पहाटे एका दारात दिवा होता. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. हजार विड्यांचा हिशेब पुरा व्हायचा तर दिवस असाच लवकर सुरू होतो. बोटं थांबली नाहीत, मान तेवढी वर झाली.

“कुठं जालालीस गं सिस्टर, एवढ्या सकाळी?”

“पुण्याला, अक्का. आफ्रिकेला जायचंय ना, त्याची सुई घ्यायला.”

“आणि आमचं बीपी कोण बघायचं?”

रिक्षावाला घाईत होता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

स्टेशनकडे जाताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण सोलापूरकराला होतेच. भय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. 1910 साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच जणांच्या पथकातून चीनला गेला आणि 1942 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. शांतारामबापूंच्या सिनेमामुळे आपल्याला त्यांचं बलिदान पाठ आहे. मला मात्र त्यांच्या चिनी शिकण्याचं कौतुक जास्त. शिकवण्याइतकी भाषा त्यांनी कमावली. जीव देण्याची वेळ आयुष्यात एकदाच येते, भाषेचा अभ्यास रोज करावा लागतो.

ते मला कळतं, कारण कुंभारीत आले तेव्हा मला तेलुगू येत नव्हतं. पद्मशाली घरातल्या म्हाताऱ्या बाईला मराठी समजतं, पण दुखणं ती मराठीत सांगत नाही. मराठीत नुसतं ‘बरं नाही’ म्हणते. तेलुगूत विचारलं की मग कुठे, कधीपासून आणि कोणामुळे, सगळं बाहेर येतं. घानातल्या ज्या नवरोंगोला मी निघालेय, तिथे आसपास कासेम आणि नानकाम या भाषा बोलतात. दोन्हींतलं नमस्कारापुरतं मोबाइलवर ऐकून घोकत होते. समोरच्या काकांना वाटलं मी स्तोत्र म्हणतेय.

कुर्डुवाडी गेली, जेऊर गेलं, भिगवणच्या अलीकडे उजनीचं पाणी दिसायला लागलं. मला स्वयंसेवक म्हणून तिकडे नेणाऱ्या संस्थेने पाठवलेलं टिपण काढलं. नवरोंगो हे घानाच्या उत्तर टोकाचं गाव, बुर्किना फासोच्या सीमेजवळ. 1994 मध्ये तिथे एक प्रयोग सुरू झाला. काही भागांत शिकलेली नर्स गावातच राहायला पाठवली, काही भागांत गावातले स्वयंसेवक तयार केले, काही ठिकाणी दोन्ही, आणि काही भाग होता तसाच ठेवला. जिथे नर्स राहायला गेली, तिथे तीन वर्षांत बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. जिथे नुसते स्वयंसेवक होते, तिथे बालमृत्यूंवर काहीच परिणाम दिसला नाही. पुढे घानाने नर्सला गावात राहायला पाठवण्याची ही पद्धत देशभर नेली.

स्वयंसेवक म्हणून निघालेल्या बाईने गाडीत बसून हे वाचावं! ते स्वयंसेवक गावातलेच होते, मी परकी. ते शिकाऊ होते, मी रीतसर नर्स. असे फरक मी काढून पाहिले. पण मुद्दा हटत नव्हता. कोण किती शिकलंय याच्याइतकंच, रात्री दोन वाजता दार वाजवलं तर ते उघडायला कोण आहे, यालाही महत्त्व आहे. अक्कांचा प्रश्न तोच होता, आणि त्यांनी काही टिपण वाचलेलं नव्हतं. मला तिथे वर्षभर नर्सबाईंच्या हाताखाली राहून नोंदी आणि घरभेटी बसवायच्या आहेत. शहाणपण शिकवायला पाठवलेलं नाही, हे एक बरं.

दौंड सोडलं की गाडी मांजरी, हडपसरवरून जाते. या पट्ट्यात लसी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट आहे. पश्चिम आफ्रिकेशी आपलं नातं काय, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यात कोरड्या, धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत मेंदूज्वराच्या साथी येत. 1996-97 च्या साथीत सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. त्या जातीच्या मेंदूज्वरावरची लस इथे तयार झाली, अर्ध्या डॉलरच्या आतली, आणि 2010 च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून ती द्यायला सुरुवात झाली. कोव्हॅक्स योजनेतून कोविडच्या लसीची जगातली पहिली खेप 24 फेब्रुवारी 2021 रोजी घानात, अक्राला उतरली, तीही इथलीच, सहा लाख डोस. ऑक्सफर्डच्या आर-21 या हिवतापाच्या लसीचं उत्पादनही सीरमचंच, आणि 2023 च्या एप्रिलमध्ये तिला सगळ्यांत आधी परवानगी दिली ती घानाने. लस विमानाने पोचते. ती आईच्या कडेवरच्या पोरापर्यंत न्यायला पुन्हा ती गावात राहणारी नर्सच लागते.

बी. जे. मेडिकल स्टेशनपासून चालत आहे. रांगेत मर्चंट नेव्हीची पोरं, एक केनियाला निघालेला इंजिनियर आणि मी. एकदा पूड द्रावात कालवली की ही लस फार वेळ टिकत नाही, म्हणून ठरलेल्या दिवशी माणसं गोळा करूनच कुपी फोडतात. अंड्याची ॲलर्जी आहे का, विचारलं. दुसऱ्यांना सुया टोचण्यात आयुष्य गेलेली बाई स्वतःच्या दंडाकडे मात्र बघत नाही. मग अर्धा तास बसवून ठेवलं.

शेजारचा पोरगा म्हणाला, “भारतात तर हा रोगच नाही, मग एवढी कटकट कशाला?” मी त्याला आमचे बॅरल सांगितले. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघर आहे, डेंग्यू तोच देतो. रोग आलेला नाही, गाडी मात्र तयार उभी आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दारोदार बॅरल भरलेले, आणि ते आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा म्हणून मी दारोदार भांडत फिरते. पाणी ओता म्हटलं की बायका माझ्याकडे अशा बघतात, जणू मी सोनं ओता म्हणतेय.

संध्याकाळच्या हुतात्माला गर्दी होती. खिडकी मिळाली. दंड जरा ठणकत होता. खाण्याचं काय, हा घरच्यांचा घोर होता, तर त्या भागात ज्वारी-बाजरी पिकते; पीठ शिजवून तुओ झाफी करतात, घट्ट उकडीसारखी, आणि पाल्याच्या कालवणाशी खातात. शेंगाचटणीचा डबा मी तरीही नेणार. राहण्याची सोय संस्थेने बोल्गाटांगा शहरात केली होती, तिथून रोज गाडीने जा-ये. दौंडला त्यांना निरोप पाठवला, की शहरात नको, आरोग्य केंद्राच्या आवारात नर्सबाई राहतात तिथेच एखादी खोली बघा.

उत्तर कुर्डुवाडीला आलं. खोली आहे. वीज जाऊन-येऊन असते. पाणी बोअरवरून आणून साठवावं लागतं. चालेल का?

चालेल, पण पाण्याच्या बॅरलला घट्ट बसणारं झाकण आहे का तेवढं बघा, असं उलट कळवलं. तोवर मोहोळ आलं होतं.