शरणपूर रोड: नाव रोज घेतो, गोष्ट कुणाला माहीत?

शरणपूर रोडच्या सिग्नलला थांबलात की एकदा या नावाचा विचार करा. शरण आलेल्यांचं गाव, ते शरणपूर. पण शरण आलं कोण?

1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी तेव्हाच्या नाशिकबाहेर ही वस्ती उभी केली. सोसायटी इंग्लंडची, पण इंग्रज पाद्री कमी पडायचे, म्हणून बासेलला शिकलेले जर्मन घ्यायचे. त्यातलेच कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग. आधी इथिओपियात होते, तिथल्या अम्हारिक भाषेचा कोश त्यांनी 1841 साली छापला. ते मिशन बंद पडलं आणि हे मुंबईला आले.

तेव्हा इंग्रज आरमार अरबी गलबतं अडवून गुलाम म्हणून विकायला नेलेली आफ्रिकन पोरं सोडवायचं. मुंबईत उतरलेल्या या पोरांना इझेनबर्गनी सांभाळलं. 1860 च्या सुमारास त्यांचा आश्रम शरणपूरला हलला. पोरं लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. 1864 ला इझेनबर्ग जर्मनीत वारले. त्यांच्या मुलाची विधवा पुढे 'सिद्धार्थ' लिहिणाऱ्या हरमान हेसेची आई झाली.

आफ्रिकेच्या मोहिमेसाठी लिव्हिंगस्टननी इथूनच नऊ पोरं नेली. पुढे मदतीला गेलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता, तोही शरणपूरचाच. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन जंगलात वारले. सोबत्यांनी त्यांचा देह हजार मैलांहून जास्त चालत किनाऱ्यावर आणला. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये अंत्यसंस्कार झाले, तेव्हा शवपेटीला जेकबचाही हात होता. जगाने या पोरांना नाव दिलं 'नासिक बॉइज'. आपल्या गावाचं नाव!

आता कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणार, "मिशनरी म्हणजे धर्मांतर." होय, तो हेतू होताच, लपवायचं काय त्यात? पण बाजारात विकायला निघालेल्या लेकराला याच मातीत छप्पर मिळालं, हेही तितकंच खरं. इतिहास सोयीपुरता कापून घ्यायचा नसतो.

सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची, चौकांची कामं चालू आहेत. रामकुंड, काळाराम, सरकारवाडा सांगूच, सांगायलाच हवं. त्याच यादीत शरणपूरची एक ओळ बसवा. महापालिकेने एखाद्या चौकात मराठीत फलक लावावा, त्यावर जेकब वेनराइटचं नाव असावं. खर्च तो किती येणार?

आणि शरणपूरच्या जुन्या घरांतल्या मंडळींनो, कपाटात फोटो, कागद, आजी-आजोबांच्या आठवणी असतील तर इथे लिहा. वस्ती बदलतेय. सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून ठेवू.