कुर्ता, पट्टा आणि पिस्तूल

बरेच दिवस हा विषय टाळत होते. मी कामावर जाताना कमरेला पिस्तूल लावते, हे आमच्या निम्म्या नातेवाइकांना माहीत नाही. उरलेल्या निम्म्यांना वाटतं की मी आता हॅट घालून घोड्यावरून फिरत असणार. तर एकदाच काय ते लिहून टाकते. आणि लिहायचंच तर कपड्यांबद्दल लिहिते, कारण पिस्तूल दुकानातून अर्ध्या तासात घरी आलं. कपडे जमायला वर्ष गेलं!

आधी थोडी पार्श्वभूमी. डॅलसजवळच्या एका छोट्या फार्मसीत मी फार्मासिस्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस दुकान बंद करणं माझ्याकडे असतं. २०२१ च्या मार्चमध्ये एकाने काउंटरवर पिस्तूल दाखवून ऑक्सिकोडोन मागितलं. मी दिलं. द्यायचंच असतं, गोळ्या कुणाच्या जिवापेक्षा मोठ्या नसतात. त्या वेळी माझे हातसुद्धा थरथरले नाहीत. तीन आठवड्यांनी रात्री नऊला कुलूप लावताना तोच माणूस माझ्या गाडीला टेकून उभा दिसला. मी पुन्हा आत शिरले, दार लावलं आणि पोलीस येईपर्यंत औषधांच्या कपाटामागे बसून राहिले. काउंटरवर देण्यासारखं काहीतरी होतं. पार्किंगमध्ये काय देणार?

त्याच्या आदल्याच वर्षी ग्रीनकार्ड आलं होतं. तोपर्यंत हा प्रश्नच नव्हता. एच-वनसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाने, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, इथे बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. (आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि मित्राबरोबर हौसेने खरेदीला जातात. जाऊ नका.) टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, तरी मी वर्ग करून, बोटांचे ठसे देऊन, परवाना काढला. एक कारण अगदी साधं: शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. माझ्या कामाच्या रस्त्यात दोन शाळा लागतात. दुकानाच्या मालकांनी लेखी परवानगी दिली, तेव्हा कुठे कपड्यांचं पर्व सुरू झालं.

कुणी म्हणेल, लपवायचं कशाला? २०१६ पासून टेक्सासात परवानाधारकाला होल्स्टरमधलं पिस्तूल उघड लावता येतं. पण रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या आजींना माझ्या कमरेकडे बघत डोस समजून घ्यावा लागावा, हे मला पटत नाही. आणि दिसणारं पिस्तूल चोराला आधीच सांगून टाकतं की सुरुवात कुणापासून करायची.

कपड्यावर पिस्तुलाचा आकार उमटला की त्याला इथे 'प्रिंटिंग' म्हणतात. छापखान्याचा शब्द! माझं पिस्तूल लहान आहे, ग्लॉक ४३. भरलेलं असताना साधारण सव्वासहाशे ग्रॅम, जाडी जेमतेम एक इंच. सगळ्यांना वाटतं नळी लपवणं अवघड असेल. नळी पँटच्या आत जाते, तिचा काही त्रास नाही. खरी दुश्मन मूठ. ती कमरेच्या वर राहते आणि जरा वाकलं की कोपरासारखी बाहेर येते. पुरुषांचं बरं असतं. सरळ कंबर, जाड पट्टा, वर चौकड्यांचा सैल शर्ट न खोचता सोडला की काम झालं. आमच्या कंबरेला वळण असतं, त्या वळणावर होल्स्टर कलतं आणि मूठ थेट बरगडीत घुसते. पहिला आठवडाभर मी उजवीकडे काळीनिळी होते. मग होल्स्टर पुढे, पोटाच्या उजव्या बाजूला सरकवलं आणि त्याला एक छोटा पंखा लावला. तो पट्ट्याला टेकून मूठ आत दाबून धरतो.

पट्टा हे या सगळ्याचं मूळ. फॅशनचा मऊ पट्टा वजनाने लोंबतो, पिस्तूल बाहेर झुकतं आणि मग वर काहीही घाला, दिसतंच. माझा पट्टा आतून कडक आहे, एखाद्या पुठ्ठ्यासारखा. जीन्स एक माप मोठी घ्यावी लागते, कारण त्या कमरेत आता दोघं राहतात. होल्स्टरही कडक प्लॅस्टिकचंच हवं, घोडा पूर्ण झाकणारं. मऊ कापडी होल्स्टर अंगाला गोड लागतं, पण घोड्यावर कापडाची घडी दबली तर संपलं. सलवारीची नाडी? विसरा. फार्मसीतल्या बऱ्याच मुली नाडीचे स्क्रब घालतात, त्यावर सव्वासहाशे ग्रॅम लावले तर पिस्तुलाच्या आधी पँट हातात येईल.

आणि मग, मंडळी, आपला कुर्ता! मी पैजेवर सांगते, झाकायला याच्याइतकं चांगलं वस्त्र अमेरिकेने अजून शोधलेलं नाही. इथे पिस्तूलवाल्यांसाठी म्हणून खास कपडे मिळतात: आतल्या खिशांच्या पँटी, फोटोग्राफर घालतात तसली अनेक खिशांची जाकिटं. त्या जाकिटाला इथलेच लोक हसून 'मला आधी गोळी घाला' जाकीट म्हणतात, कारण ते दिसलं की आत काय आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या कुर्त्याकडे बघून लोक फारतर म्हणतात, 'किती छान रंग!'

पण कुर्त्यातही पारख लागते. मलमल आणि लखनवी चिकन बाद, आरपार दिसतं. जॉर्जेट बाद, अंगाला चिकटतं. पॉलिएस्टर तर विचारूच नका. गडद रंगाची जरा जाड खादी उत्तम, ती अंगापासून अंतर राखून राहते. ठसे छापलेलं कापड, इकत, बारीक चौकडा, सगळं चालतं, कारण बारीक नक्षीत डोळा एका रेषेवर ठरत नाही. लांबी मात्र मांडीपर्यंतच. गुडघ्याखाली जाणारा कुर्ता झाकतो छान, पण वेळ आली तर गोळा करून वर ओढेपर्यंत समोरच्याचा चहा पिऊन होईल. साइड कट कमरेपासून सुरू होत असेल तर वाऱ्याने पडदा उघडतो, म्हणून दोन इंच खाली शिवून घ्यायचा. दुकानात वरून पांढरा कोट असतोच. टेक्सासच्या ऑगस्टमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला असताना, कुर्त्याच्या आत आणखी एक बनियन लागतो, नाहीतर प्लॅस्टिक घामात कातडी सोलतं. (स्वच्छतागृहात काय होतं, हे कुणीही मला विचारू नये. एवढंच सांगते, पट्टा सोडताना सव्वासहाशे ग्रॅम हातात धरून ठेवावे लागतात.)

सगळ्यात जास्त बदललं ते वाकणं. कमरेत वाकलं की मूठ उमटते, म्हणून खालची वस्तू गुडघ्यात बसून उचलायची. कुणी मिठी मारायला आलं की डावी बाजू पुढे करायची. नमस्काराला कमरेतच वाकावं लागतं, त्याला पर्याय नाही. मंडळाच्या गणपतीला साडी नेसून पन्नास पायांशी वाकायचं म्हणजे काय करणार? तो प्रश्न कायद्यानेच सोडवला. आमच्या मंडळाचा कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतो, शाळेत पिस्तूल नेता येत नाही. गणपतीत मी निवांत वाकते.

बऱ्याच बायका पर्सचा मार्ग धरतात. खास कप्प्याच्या पर्स मिळतात, सुंदर असतात, कपड्यांची कटकट संपते. मला त्या नको आहेत. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई गेली. ती पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती, चेनच्या कप्प्याची. विमानतळांवरच्या तपासणीत २०२३ मध्ये ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. सापडलेल्यांचं नेहमीचं म्हणणं, बॅगेत होती हे विसरलो. अंगावरचं पिस्तूल विसरता येत नाही. ते दर श्वासाला टोचतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सुझॅना हप यांचं पिस्तूल नेहमी पर्समध्ये असायचं. तेव्हा टेक्सासात ते बरोबर नेणं बेकायदा होतं म्हणून १६ ऑक्टोबर १९९१ ला त्यांनी ते गाडीत ठेवलं आणि आईवडिलांबरोबर किलीनच्या एका कॅफेटेरियात जेवायला गेल्या. तिथे एका माणसाने तेवीस जणांना मारलं, त्यात त्यांचे आईवडील दोघंही. पुढे त्यांनी जागोजागी साक्ष दिली आणि १९९५ मध्ये टेक्सासात परवान्याचा कायदा झाला. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन रात्री झोपले नाही. आणि २९ डिसेंबर २०१९ ला, आमच्यापासून फार लांब नाही अशा व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये, एका माणसाने लांब कोटाखाली शॉटगन लपवून आणली होती. खोटी दाढी, विग. त्याने दोघांना मारलं आणि सहा सेकंदांत चर्चमधल्याच एका स्वयंसेवकाने त्याला पाडलं. स्वयंसेवकाचं पिस्तूलही कपड्याखालीच होतं. कापड कुणाचीच बाजू घेत नाही.

म्हणून माझा नियम असा झालाय की पिस्तूल एकतर अंगावर, नाहीतर तिजोरीत. तिसरी जागा नाही. गाडीत नाही, पर्समध्ये नाही, उशाखाली तर नाहीच. ज्या दिवशी कपडे जमत नाहीत त्या दिवशी ते घरी राहतं आणि मालक माझ्याबरोबर गाडीपर्यंत येतात. मुलगा सहा वर्षांचा आहे. तो धावत येऊन कमरेला मिठी मारतो आणि त्याचं डोकं बरोबर त्या उंचीला येतं. त्यामुळे घरी आल्यावर आधी आत, तिजोरी, मग बाहेर. त्याला माहीत आहे की मम्मी बाहेरून आली की आधी हातपाय धुते. धुतेही.

गेल्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा तिला या सवयीचं फार कौतुक वाटलं. अमेरिकेत राहूनही पोरगी हातपाय धुतल्याशिवाय लेकराला घेत नाही! मी काही बोलले नाही. पण आईने सांगलीत चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत. इतकी वर्षं दुकानात कुणाला दिसलं नव्हतं, ते तिने दहाव्या दिवशी मी दारातून निघताना पाहिलं.

"थांब. हा कुर्ता उजवीकडे पाऊण इंच वर जातोय. खांदा उतरलाय का तुझा?"

"नाही गं."

"मग कमरेला काय आहे?"

सांगितलं. पार्किंगचंही सांगितलं, जे तोपर्यंत फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. ती सोफ्यावर बसली. नेम येतो का, भीती वाटत नाही का, यातलं काही विचारलं नाही.

"आणि हा गळ्यात पडतो तेव्हा?"

मी तिला तिजोरी दाखवली. उघडून, बंद करून. ती म्हणाली, "म्हणजे हातपाय धुवायला जातेस ते हे होय." त्या दिवशी मला कामावर पोचायला उशीर झाला.

येताना तिने माझ्यासाठी तीन कुर्ते शिवून आणले होते, गडद निळ्या खादीचे, अगदी मापात. मापात म्हणजे माझ्या कामाचे नाहीत. पुढच्या रविवारी तिला म्हटलं, उजवीकडे दीड इंच सैल करून दे ना. तिने चष्मा काढून ठेवला.

"दुसरं काय हवं ते शिवून देते. हे नाही. लावू नको असं म्हणत नाही मी, रात्रीचं ते दुकान तुला बंद करायचं असतं, मला नाही. पण माझ्या हाताने नको."

मी पुन्हा विषय काढला नाही, तिनेही नाही. उरलेले महिने मी निघाले की ती दारात यायची, उजवी बाजू बघायची आणि म्हणायची, "ये लवकर."

ती परत गेल्यावर एका रात्री मीच उसवायला बसले. आईच्या शिवणकामात माया नेहमी भरपूर असते, पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांना दोन-दोन बोटं. दीड इंच सहज निघालं. जुन्या शिवणीची रेघ मात्र उजवीकडे दिसते, इस्त्रीने गेली नाही. दुकानात वर कोट असतो, त्यामुळे चालतं.