गाडीचा वापर कशासाठी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीचे पेपर तपासत बसले होते, तेवढ्यात पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. घरात सगळे त्याला छोटूच म्हणतात, आता तो तिशी ओलांडलेला असला तरी.

"आपा, फारम में ‘यूज’ लिखे हैं. वहां क्या डालूं?"

विम्याचा अर्ज होता. गाडीचा वापर कशासाठी, असा रकाना. समोर दोन पर्याय: प्रायव्हेट, कमर्शियल. पहिल्यावर बोट ठेवलं की सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचे ३,४१६ रुपये. दुसऱ्यावर ठेवलं की १६,०४९. एका खुणेचा फरक साडेबारा हजारांच्या वर. एजंट त्याला म्हणाला होता, पांढऱ्या पाटीची गाडी घे, प्रायव्हेट लिही, कोण बघायला येतंय? छोटूला तेच माझ्या तोंडून ऐकायचं होतं, असं मला आजही वाटतं.

छोटू काचा पुसतो. त्याची लाज वाटायचे दिवस गेले. खराडीतल्या कंपन्यांच्या इमारतींत हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडे सहा वर्षं काढून त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. शोरूम, दवाखाने, सोसायट्यांचे फ्लॅट, दोन मजल्यांपर्यंतच्या काचा. दोराला लटकून करायची कामं तो घेत नाही, अम्मीनं तशी कसम घातली आहे. सोबत दोन पोरं. सामान म्हणजे ॲल्युमिनियमची घडीची शिडी, लांब होणारे दांडे, रबरी पट्टीचे वायपर, बादल्या, लिक्विडचे कॅन आणि पाण्याचं छोटं मशीन. हे सगळं वर्षभर स्कूटर आणि रिक्षातून चाललं. रिक्षावाले शिडी बघितली की मान फिरवायचे. एकदा कोंढव्याहून औंधपर्यंत शिडी खांद्यावर धरून तो स्कूटरच्या मागे बसून गेला, तो फोटो त्यानं मोठ्या कौतुकानं मला पाठवला. माझी झोप उडाली.

म्हणून व्हॅन. जुनी ईको घ्यायची ठरली. बाजारात दोन होत्या. एक पाच सीटची, पांढऱ्या पाटीची, मागची सीट काढली की सामानाला जागा होईल अशी. दुसरी कार्गो, पिवळ्या पाटीची. किंमत दोन्हींची तीन लाखांच्या आसपास.

आता माझा यात काय संबंध? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. विम्यातलं मला काही कळत नाही. पण वाक्य कुठे मोडतं, शब्द कुठे फसवतो, एवढं मात्र वीस वर्षांत कळायला लागलंय. मी त्याला म्हटलं, अर्ज राहू दे, आधी प्रायव्हेट पॉलिसीचा पूर्ण मजकूर पाठव. तो म्हणाला, वो कौन पढ़ता आपा? मी पढ़ती, म्हटलं.

त्या मजकुरात वापराच्या मर्यादा सांगणारं एक कलम असतं. गाडी कोणत्याही कामासाठी वापरा, पण भाडं घेऊन नाही, शर्यतीसाठी नाही आणि मालवाहतुकीसाठी नाही. मालवाहतुकीला एक कंस आहे: नमुने किंवा वैयक्तिक सामान सोडून. मी त्या कंसापाशी थांबले. शिडी वैयक्तिक सामान होते का? छोटू म्हणाला, मेरीच तो है. बरोबर, शिडी त्याचीच. पण वैयक्तिक सामान म्हणजे पिशवी, डबा, छत्री. ज्या शिडीवर दोन पगारी पोरं चढतात, ती धंद्याची. हा वाद मी वर्गात घातला असता तर मुलांनी छोटूची बाजू घेतली असती. कंपनीचा सर्व्हेयर मात्र माझी बाजू घेईल, गाडी ठोकून झाल्यावर. आपल्या गाडीचे पैसे तर जातीलच, पण तिऱ्हाइताला भरपाई देऊन झाल्यावर ती रक्कम कंपनीनं मालकाकडून वसूल करावी, असे आदेशही न्यायालयांनी दिलेले आहेत. मग त्या साडेबारा हजारांच्या बचतीचा हिशेब कुठे लावायचा?

पण १६,०४९ भरणंही त्याला जड होतं. म्हणून आम्ही ‘स्वस्त’ शोधायला लागलो. आठवडाभर रोज रात्री इशानंतर तो पुण्यात, मी सोलापुरात, फोन स्पीकरवर.

पहिली गोष्ट ही कळली की थर्ड पार्टीच्या दरात घासाघीस होतच नाही. तो दर सरकार ठरवतं. आमचे आकडे जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांतले. कुठल्याही कंपनीकडे जा, तेवढेच. एजंट "खास तुमच्यासाठी" म्हणतो ती सूट आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागातली असते, आणि तो भाग लहान करायच्या युक्त्या ठरलेल्या. एकानं गाडीची किंमत तीन लाखांऐवजी दोन लाख लावली. हप्ता उतरला, पण गाडी चोरीला गेली तर हातात येणार दोनच लाख. दुसऱ्यानं नो क्लेम बोनस ५० टक्के टाकून दिला. मी विचारलं, हा बोनस कुणाचा? आधीच्या मालकाचा. बोनस माणसाबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. छोटूनं आयुष्यात गाडीच घेतली नव्हती, त्याच्या नावावर पाच वर्षांचा बोनस कुठून येणार? एजंट हसून म्हणाला, मॅडम, सिस्टिम घेते. सिस्टिम सगळंच घेते. दाव्याच्या वेळी ओकते.

खरी चावी आम्हाला दरांच्या तक्त्यात सापडली. सात हजार पाचशे किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना दोन दर आहेत. दुसऱ्याचा माल वाहणारी ती ‘पब्लिक कॅरिअर’, तिला १६,०४९. फक्त स्वतःच्या धंद्याचा माल नेणारी ती ‘प्रायव्हेट कॅरिअर’, तिला ८,५१०. छोटूची शिडी अखेर तिच्या योग्य रकान्यात बसली! मी चष्मा काढून ठेवला आणि त्याला म्हटलं, हे बघ, खरं सांगायलाही जागा आहे, फक्त ती कुणी दाखवत नाही. चार ठिकाणी विचारलं. दोघं म्हणाले, आम्ही तो वर्ग करत नाही. तिसऱ्याला तो वर्ग असतो हेच माहीत नव्हतं. चौथ्या कार्यालयातल्या एका बाईंनी तक्ता उघडला, माल कुणाचा, भाड्यानं देणार का, असं नीट विचारलं आणि तसं लिहून घेतलं. परमिटचं विचारलं, तेव्हा मोटार वाहन कायद्याचं कलम ६६ (३) त्यांनीच सांगितलं. तीन हजार किलोच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही. कार्गो ईको भरली तरी त्याच्या निम्म्याच्या आसपास. पिवळ्या पाटीला फिटनेसची तपासणी मात्र चुकत नाही, तो खर्च धरावाच लागतो.

लायसन्सवरूनही त्याला कुणीतरी घाबरवलं होतं, साध्या मोटारीच्या लायसन्सवर पिवळी पाटी चालत नाही म्हणून. साडेसात हजार किलोच्या आतल्या गाडीला वेगळ्या परवानगीची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मुकुंद देवांगन खटल्यात २०१७ सालीच म्हटलं होतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानंही तेच कायम केलं.

मधल्या काळात घरात वेगळंच सुरू झालं. चाचांना कळलं. चाचा पाच वक्ताचे नमाजी, शब्दाचे पक्के. बीमा जुआ है, म्हणाले. आपल्या कित्येक घरांत हे वाक्य ऐकलेलं असेल. कायद्यानं सक्तीचा आहे तेवढा विमा घ्यायला हरकत नाही, असं अनेक मुफ्ती सांगतात, हे चाचांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, फिर उतनाच लो, बाकी कायकू? प्रश्न खोटा नव्हता. मी त्यांना आकिलाची आठवण दिली. चुकून कुणाच्या हातून माणूस मेला तर खूनबहा एकट्यानं नाही, त्याच्या सगळ्या कबिल्यानं मिळून भरायचा, ही जुनी अरबी रीत इस्लामनंही ठेवली. आजचा हप्ता म्हणजे हुबेहूब तेच, असं मी म्हणणार नाही. व्याजाचा प्रश्न उरतोच. पण छोटूनं बँकेचं कर्ज टाळून ही गाडी नातेवाइकांच्या कर्जे हसनावर घेतली होती, आणि त्यात चाचांचे पन्नास हजार होते. मी तेवढंच म्हटलं: चाचा, गाडी जली या चोरी हुई तो आपके पैसे कहां से देगा? चाचा दाढीवरून हात फिरवत बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पूछ के बताता. अजून सांगितलेलं नाही.

त्या आठवड्यात मी इतकी हट्टाला का पेटले होते, ते छोटूला माहीत नव्हतं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता.

२००२ साल. अब्बांचा तीनचाकी टेम्पो होता, सोलापूरच्या मार्केट यार्डातून भाजी वाहायचे. घरात इंग्रजी कागद वाचणारी मी एकटी, म्हणून विम्याचे पैसे भरायचं काम माझ्याकडे. त्या वर्षी अब्बांनी नोटा मोजून हातात दिल्या, आणि त्याच आठवड्यात बी.एड.च्या फीचा शेवटचा हप्ता आला. घरी मागायला जीभ रेटली नाही. विम्याचे पैसे मी फीत भरले. पंधरा दिवसांत शिकवणीचे पैसे येणार होते, आले की भरू. पॉलिसी संपून अकरावा दिवस होता. अक्कलकोट रोडवर सकाळी अब्बांच्या टेम्पोची धडक एका सायकलवाल्याला बसली. चादरीच्या कारखान्यातला कामगार, पाय दोन ठिकाणी मोडला. सिव्हिल हॉस्पिटलच्या जिन्यात त्याची बायको बसली होती, मांडीवर एक लहान मूल. ती आमच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मोटार अपघात दाव्यांच्या न्यायाधिकरणात आमच्या बाजूला कंपनीचा वकील नव्हता, कारण कंपनीच नव्हती. टेम्पो विकला. कमी पडले तिथं अम्मीच्या पाटल्या गेल्या. त्यानंतर अब्बा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले, ते थेट म्हातारपणापर्यंत. पैशांचं काय झालं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. घरात इतर कुणी विचारलं तर, "मेरेच ध्यान से उतर गया," म्हणायचे. माझं बी.एड.चं सर्टिफिकेट भिंतीवर लावलं तेव्हा खिळा त्यांनीच ठोकला.

तर, छोटूची पॉलिसी. ८,५१० थर्ड पार्टीचे. पंधरा लाखांचा मालक-चालकाचा अपघात विमा. पोरांपैकी एक गाडी चालवतो, त्याच्यासाठी पगारी ड्रायव्हरचे पन्नास रुपये. पन्नास! आणि बहुतेक जण तेही वगळतात. एका छोट्या ओळीनं मला हैराण केलं: मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, बंपर, मडगार्ड, रंग यांचं नुकसान मिळतच नाही, त्यासाठी ‘आयएमटी २३’ नावाची जोड वेगळी घ्यावी लागते. पुण्याच्या रस्त्यावर दुसरं काय ठोकलं जातं? ती घेतली. गाडीची किंमत खरी लावली, बोनस शून्य. सगळं मिळून तेरा हजारांच्या आत-बाहेर बसलं. स्वस्त म्हणावं का? पांढऱ्या पाटीपेक्षा कितीतरी महाग.

यात बसलं नाही तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई विमा विकायला निघाली. गाडीतलं मशीन, कॅन, शिडी चोरीला गेली तर या पॉलिसीतून काही मिळत नाही. शिडीवरून पोरगा पडला तर गाडीच्या पॉलिसीचा संबंध नाही, त्याला कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी लागते. पहिल्या वर्षी छोटूनं ती घेतली नाही. पैसे नव्हते, आणि मीही फार रेटलं नाही. दुसऱ्या वर्षी एका शोरूमनं कागद मागितला तेव्हा घेतली. ते पहिलं वर्ष नीट गेलं, एवढंच. गिऱ्हाइकाची काच फुटली तर अजूनही खिशातूनच. आतापर्यंत दोन फुटल्या.

‘यूज’च्या रकान्यात त्यानं काय लिहिलं, ते त्यानं मला फोटो काढून पाठवलं. वापर: स्वतःच्या काच सफाई व्यवसायाचे साहित्य नेणे. स्पेलिंगच्या दोन चुका होत्या, मी सोडून दिल्या.

पॉलिसी मोबाईलवर आली तेव्हा मी अब्बांजवळच बसले होते. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. पढ़, म्हणाले. मी गाडीचा नंबर वाचला, नाव वाचलं, तारखा वाचल्या. आखरी दिन कब तलक, त्यांनी विचारलं. रात के बारा बजे तलक, अब्बा. त्यांनी मान हलवली. जरा वेळानं म्हणाले,

"पैसे कौन भरा?"

"छोटू. खुद जा के."

"रसीद?"

मी रसीद दाखवली. त्यांनी मोबाईल हातात घेऊन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, वाचता येत नसतानाही बराच वेळ बघितला, आणि परत दिला.

"अच्छा," म्हणाले.