भीमसेनाचे दप्तर

मोगलांचा इतिहास आपण बहुधा दोनच जागांवरून पाहतो. एक म्हणजे दिल्ली-आग्र्याचे तख्त आणि दुसरी सह्याद्रीतल्या किल्ल्याचा तट. दोन्ही जागा महत्त्वाच्याच. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जागा असते, कचेरीतल्या बैठकीची. तिथे मांडी घालून कागदावर मान वाकवलेला कारकून बसलेला असतो. त्याला ना पोवाडा, ना पुतळा. मला मात्र अलीकडे त्याच्याच शेजारी जाऊन बसावेसे वाटते.

अशा एका कारकुनाचे नाव भीमसेन सक्सेना. जातीने कायस्थ, जन्म १६४९ साली बुऱ्हाणपुरात. वडील मोगलांच्या तोफखान्याच्या हिशेबात होते, म्हणून मुलाचे बालपण दख्खनमध्ये गेले. पुढे तो दलपतराव बुंदेला या मोगल सरदाराच्या पदरी राहिला. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेत उतरला तो १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत परत गेलाच नाही. त्या सगळ्या धामधुमीत भीमसेन छावणीबरोबर फिरत होता. राजारामाच्या पाठीवर मोगल फौजा जिंजीला गेल्या, तो वेढा १६९८ पर्यंत चालला, तिथेही हा होता. वाटेत दक्षिणेतली देवळे पाहिली, त्यांच्याविषयी लिहिले. आयुष्याच्या अखेरीस ‘तारीख-इ-दिल्कुशा’ हा ग्रंथ त्याने फारशीत पुरा केला. जदुनाथ सरकारांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९७२ साली महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्याने छापला.

घरात हिंदवी बोलणारा माणूस फारशीत का लिहितो? याचे उत्तर शंभर वर्षे मागे आहे. अकबराचा दिवाण राजा तोडरमल याने १५८२ च्या सुमारास साम्राज्याचे सगळे दप्तर फारशीत ठेवण्याचा दंडक घातला. तोवर खालच्या पातळीवरचे हिशेब हिंदवीत चालत. तोडरमल स्वतः खत्री. या एका हुकुमाने उत्तरेकडच्या हजारो कायस्थ-खत्री घरांतली मुले फारशी गिरवू लागली. पोटासाठी शिकलेली भाषा दोन पिढ्यांत अंगवळणी पडली. शहाजहानच्या दरबारातला चंद्रभान ब्राह्मण हा तर फारशीतला नावाजलेला मुनशी आणि कवी.

आपल्या भागात गंगा उलटी वाहिली. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) हिशेबातून फारशी काढून देशी भाषा आणली आणि दप्तर ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले. पुढे १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. राज्य बदलले की दप्तराची भाषा बदलते, आणि ती बदलली की कुणाची तरी भाकरी हलते.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी घरात कळले होते. माझे आजोबा तलाठी. अक्षर मोडीचे, वळणदार. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चाळिशी ओलांडलेले आजोबा रात्री कंदिलाशी बसून माझ्या आत्याच्या पाटीवर कन्नड बाराखडी गिरवीत, असे आजी सांगायची. ती सांगे तेव्हा तिच्या आवाजात राग असे. आजोबांच्या बोलण्यात मी तो कधी ऐकला नाही. ते एवढेच म्हणत, “अरे, सातबारा कुठल्याही भाषेत लिही, रयतेचं बांध-कोरभर रान चुकीच्या नावावर जाता कामा नये.”

भीमसेनाची खरी किंमत मला इथे वाटते. तो मोगलांच्या मिठाला जागला, मराठ्यांना शत्रूच म्हणाला. पण लेखणीपुढे आलेले त्याने लपवले नाही. जहागिरी कमी आणि मनसबदार फार झाले होते. हीच जहागीर पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील याची जहागीरदाराला खात्री नाही, म्हणून त्याचा आमील रयतेला पिळून घेई. शेतकरी नांगर टाकून हत्यार धरीत आणि मराठ्यांना मिळत. बादशहाचे साम्राज्य रणात हरण्याआधी वसुलाच्या वहीत हरत होते, हे बादशहाच्याच चाकराने नोंदवून ठेवले. १७०७ साली जाजऊच्या लढाईत त्याचा धनी दलपतराव पडला, तो शहजादा आजमच्या बाजूने लढताना. मोगल अमलात आमच्या बेळगावला ‘आजमनगर’ हे नाव पडले ते याच आजमवरून.

दरवर्षी वर्गात एखादा मुलगा विचारतोच, “सर, हा भीमसेन आपला की त्यांचा?” सीमेवरच्या मुलांना हा प्रश्न लवकर पडतो, घरी एक भाषा, फलकावर दुसरी. मी त्यांना फळ्यावर शब्द लिहायला लावतो. आपण अर्ज म्हणतो, कन्नडिग अर्जी म्हणतो. आपली रयत तीच त्यांचा रैत. कचेरी, जमीन, जिल्हा, तालुका, वकील, हुकूम: बहमनींपासून मोगलांपर्यंतच्या दप्तरांतून दोन्ही घरांत आलेले हे शब्द. ज्या कचेरीच्या पाटीवरून आपण भांडतो, ती ‘कचेरी’ दोघांचीही मूळची नाही. भांडण खोटे आहे असे मी म्हणत नाही. आपल्या भाषेत अर्ज करता यावा, ही मागणी रास्तच आहे. पण समोरच्या टेबलावरचा कारकूनही कुणाच्या तरी हुकुमानेच लिहितो, हे मुलांना कळावे.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची जुनी गाठोडी खाली येतात. मोडीतली असतील, कन्नडातली असतील, क्वचित एखादा फारशी शिक्काही निघेल. वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत घालू नका. जाणत्याला दाखवा. राजांचा इतिहास लिहायला पुष्कळ लोक आहेत. आपल्या पणजोबांच्या बांधाचा इतिहास त्या गाठोड्याशिवाय दुसरीकडे कुठे नाही.