घराण्याचा वारसा

‘जनुक’ हा शब्द मोठा अवघड आहे. तो उच्चारला कीं ऐकणाऱ्याच्या मनांत लगेच घराणें उभें राहतें. बदलापूरच्या आमच्या मामांच्या गालांत गांठ आली, तिची तपासणी झाली, आणि अहवालांत ‘सायक्लिन डी-१’ या जनुकाच्या प्रती वाढल्याचें आलें. मामींचा धीर सुटला तो या ओळीपाशीं. धाकटीची सोयरीक उल्हासनगरच्या एका घरीं ठरत आली होती. “अरे, रक्तांतलाच रोग निघाला कीं हा! मुलाकडच्यांना काय सांगूं?” असें त्यांनीं मला विचारलें.

खरी गोष्ट अशी आहे. आपल्या पेशींत या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची, एक वडिलांकडची. पेशीला दुभागण्याची परवानगी देण्याच्या कामीं हा जनुक लागतो. म्हणजे तो मुळांत घरचाच नोकर. परंतु पेशी दुभागण्यापूर्वीं आपल्या पोथीची नक्कल करते. तंबाखूच्या विषानें पोथीचीं पानें फाटलीं, तर जोडाजोडींत एखादें पान पुन्हां पुन्हां शिवलें जातें. मग अकराव्या गुणसूत्रावरील हें पान अनेक वेळां येतें आणि दुभागण्याचा हुकूम थांबत नाहीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत, डोक्या-मानेच्या ज्या कर्करोगांचा पॅपिलोमा विषाणूशीं संबंध नव्हता, त्यांपैकीं सुमारें ३० टक्क्यांत हा प्रकार आढळला.

ही उलथापालथ त्या गांठीच्या पेशींतच होते. बीजांत उतरत नाहीं. “मामी, हें धाकटीकडे जाणारें नव्हे,” असें मीं सांगितलें, तेव्हां त्यांनीं कितीतरी दिवसांनीं मोकळा श्वास घेतला. आणि मुलाकडच्यांना सारें आपण होऊनच कळविलें.

तरीही वारसा म्हणून कांहीं उतरतेंच. अंबरनाथच्या कारखान्यांत तीस वर्षें मामांच्या खिशांत जी पितळी डबी होती, ती त्यांच्या वडिलांची. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध डॉ. वसंत रामजी खानोलकरांनीं परळच्या टाटा रुग्णालयांत कधींच अभ्यासला होता. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदीही घातली. परंतु वडिलांची डबी मुलानें उचलूं नये, असा कायदा कोण करणार? मामांना शस्त्रक्रियेसाठीं नेलें त्या दिवशीं ती थोरल्याच्या हातीं होती. मामींनीं ती मागून घेतली, चुन्यासकट घांसून धुतली, आणि देवापुढें कुंकवाला ठेविली.